फुलपाड्याची युद्धनौका नंदाखालच्या बावखलात

गॅलरी कुणाची, यावरून आमच्या फुलपाड्याच्या घरात वर्षभर लढाई चालू होती. मी तिथे प्लायवूडची तीन फुटी युद्धनौका बांधत होतो आणि बायकोला, म्हणजे सुनंदाला, तिथेच शिलाई मशीन ठेवायचं होतं. शेवटी तह झाला. नौका तळ्यात फेरी मारून काठाला परत आली तर गॅलरी माझी, नाही आली तर मशीनची. मी लबाडीने नौकेवर ठळक अक्षरांत ‘सुनंदा’ रंगवून टाकलं. बुडालीच तर तिलाही जरा लागायला हवं!

रविवारी सकाळी स्कूटर काढली. मागे सुनंदा, तिच्या मांडीवर आडवी नौका, तोफा शेजारच्या रिक्षावर रोखलेल्या. विरारच्या फाटकात रिक्षावाल्याने विचारलंच, “काय वहिनी, कोणावर स्वारी?”

“आधी घरच्यांवर,” ती म्हणाली.

तुम्ही जाणार असाल तर बोळिंजवरून आगाशीचा रस्ता धरा, पण चर्चमधली मिस्सा सुटायच्या वेळी नंदाखालला पोचू नका. आम्ही नेमके तेव्हाच पोचलो आणि निम्मं गाव वरातीसारखं मागे आलं.

माझ्या ऑफिसातल्या मित्राची आई, रेजिनामावशी, हिच्या केळीच्या वाडीत बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला खणलेलं तळं. मावशीने आधी सुकेळी पुढे केली. ही वाळवलेली केळी न घेता वसईतून परत जाणं म्हणजे शुद्ध करंटेपणा.

“माझ्या बदकांना मारणार नाही ना रे तुझी तोफ?”

“मावशी, पेनाच्या रिफिलची आहे ती.”

नौका पाण्यात सोडणार, तोच सुनंदा कडाडली, “अहो, थांबा! नारळ फोडल्याशिवाय? स्कूटरला फोडला होता ना?”

खरंच की! आपल्याकडे मिक्सरपुढेही नारळ फुटतो, मग युद्धनौकेने काय घोडं मारलंय? मावशीने वाडीतलाच दिला, मी दगडावर फोडला आणि सुनंदाने भक्तिभावाने सगळं पाणी डेकवर ओतलं. खाली बॅटरी आहे, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

काय ऐटीत निघाली हो! मधोमध गेली, दोनदा घरघरली आणि बंद. रिमोटची बटणं दाबून अंगठा दुखला, नौका ढिम्म. तेवढ्यात एक जाडजूड बदक वर चढून बसलं आणि ‘सुनंदा’ कलायला लागली.

अख्खा काठ हसत होता. सुनंदा तर पोट धरून. मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. तिने माझा चेहरा पाहिला, हसू आवरलं, पदर खोचला आणि सरळ पाण्यात शिरली.

“अगं बाय, गाळ आहे!” मावशी ओरडली.

कमरेएवढ्या पाण्यातून बदकाला हुसकत ती नौका छातीशी धरून आली.

“आली परत!” मी घाईघाईने म्हणालो.

“आली नाही, आणली. गॅलरी माझी.”

आता गॅलरीत मशीन धडधडतं. सोमवारी ऑफिसातून आलो, तर शोकेसमधला लग्नातला काचेचा सेट, ज्याला मलाही हात लावायची परवानगी नव्हती, माळ्यावर गेला होता. त्याच्या जागी ‘सुनंदा’ स्वच्छ पुसून उभी. मी काही बोलायच्या आत गॅलरीतून आवाज आला, “पुढच्या खेपेला आधी नारळ, मग बॅटरी!”