गोधड्यांच्या खोलीतले काम

पोलीस खात्यातले बरेचसे गुन्हे आता धूसर झाले आहेत, पण निवृत्तीच्या आदल्या वर्षी मुळशीत घडलेले एक प्रकरण आठवले की अजूनही मान खाली जाते. त्यात रक्त नव्हते, हत्यार नव्हते. लाज मात्र भरपूर होती आणि ज्याची त्याची वेगळी होती. कुणाचेही नाव मी लिहिणार नाही. ती माणसे आजही त्याच गावांत राहतात आणि एकमेकांच्या लग्नकार्याला जातात.

फिर्यादी नेरे गावच्या एक मावशी होत्या. वय साठीच्या आसपास, नवरा वारलेला, एक मुलगा. घरावर खोल्या चढवून त्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोरांना भाड्याने दिलेल्या. भाडे फोनवरच जमा व्हायचे, त्यामुळे फोनवरून पैसे पाठवणे त्यांच्या हातचा मळ होता. एका दुपारी त्यांना फोन आला. तुमच्या मुलाला अपघात झालाय, दवाखान्यात आणलंय, उपचार सुरू करायला पैसे भरा. बाईचा आवाज होता. मावशींनी जवळ होते नव्हते ते सगळे पाठवले. मुलगा संध्याकाळी नेहमीसारखा कामावरून घरी आला आणि जेवायला काय आहे म्हणून विचारू लागला.

मावशी लगेच आल्या नाहीत. मुलाने ओढून आणल्या तेव्हा आल्या. ठाणे अंमलदारासमोर बसल्या, पण वर बघायला तयार नाहीत.

"साहेब, मला लाज वाटतीया. गावातल्या बायकांस्नी मीच सांगत व्हते, फोनवर कुणाचं ऐकू नगा म्हून. पर ती बाई आपल्यातलीच व्हती वो. आपल्यावाणी बोलत व्हती. माझ्या लेकासाठी रडत व्हती."

मुलाने त्यांच्या फोनवर रेकॉर्डिंग चालू करून ठेवलेले होते, म्हणून ते बोलणे आम्हाला मिळाले. गुन्हा दाखल करून मी ते पुन्हा पुन्हा ऐकले. मावशी विचारतात, "कुटला दवाखाना? त्याच्या अंगावर शर्ट कंचा हाय?" पलीकडून उत्तर येते, "मावशी, घाबरू नका. वेळ लई कमी हाय." मावशी पुन्हा तेच विचारतात आणि पुन्हा तेच वाक्य येते, त्याच जागी तोच हुंदका. माणूस दोनदा रडला तर दोन्ही वेळा सारखा रडत नाही. म्हणजे बाई फोनवर नव्हतीच. कुणीतरी तिची आधी भरून घेतलेली वाक्ये एकेक करून वाजवत होते.

खबर बाहेरून येते असा लोकांचा समज असतो. या वेळी ती ठाण्यातच होती. आमची महिला शिपाई चहा घेता घेता ते ऐकत होती. तिने ग्लास खाली ठेवला.

"सर, हा आवाज मी ओळखते. नांदे गावच्या हळदीकुंकवात मी महिला सुरक्षेवर बोलायला गेले होते ना, तेव्हा माइकवरून माझं स्वागत हिनंच केलं होतं."

नांद्यातले ते घराणे जुने जमीनदार. शेतात आता इमारती उभ्या होत्या, उरलेल्या जागेत भाड्याच्या खोल्या. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नाही, तिच्या घरी जाऊनच विचारायचे, असा कायदा आहे. कायदा बाईच्या भल्यासाठीच आहे, पण घरी गेले की घरही चौकशीला बसते. नवरा बाहेरगावी होता. सासरे ओसरीवर खुर्ची टाकून बसले.

"काय इचारायचं ते माझ्यासमोर इचारा. आमच्यात आडपडदा न्हाई."

सून तिशीची, शिकलेली, डोक्यावर पदर. मी रेकॉर्डिंग लावले. तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण ती म्हणाली, "हा माझा आवाज नाही."

"ऑनलाइन काही काम करता का?"

"नाही." हे 'नाही' पहिल्यापेक्षा मोठ्याने आले.

सासरे हसले. "काम? आमची सून? साहेब, आमच्या खोल्यांतली पोरं-पोरी सकाळच्याला पाठीवर पिशव्या अडकवून बसच्या मागं पळत्यात. त्यांच्या रांगंत आमच्या घरची बाई उभी राहायची न्हाई. देवानं लई दिलंया."

सुनेची मान खाली गेली. चोराच्या मनात चांदणे, असे मी मनाशी म्हटले आणि बाई टोळीतलीच आहे असे धरून चाललो. रेकॉर्डिंगपेक्षा कामाच्या प्रश्नाला ती जास्त का दचकली, हे माझ्या ध्यानात आले होते. त्याचा अर्थ मात्र मला लागला नाही.

तो अर्थ सोबत आलेल्या शिपाई पोरीने लावला. पाणी मागून ती सुनेमागे आत गेली. आत धान्याच्या पोत्यांची एक कोंदट खोली होती. ऐन उन्हाळ्यात तिच्या चारही भिंतींवर आणि दारावर गोधड्या टांगलेल्या.

"एवढ्या उकाड्यात या कशाला हो, ताई?"

सून पोत्यावर बसली आणि रडायला लागली. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबून रडली. लग्नाआधीपासून तिला आवाजाच्या कामाची आवड होती. जाहिराती, शेतीच्या औषधांची माहिती, मुलांच्या गोष्टी. इंटरनेटवर अशी सुटी कामे मिळतात. आपला आवाज ऐकवायचा, काम घ्यायचे, घरूनच करून पाठवायचे. सासरे दुपारी आडवे झाले की ती या खोलीत शिरायची. आवाज घुमू नये आणि बाहेरही जाऊ नये म्हणून गोधड्या. पैसे माहेरच्या जुन्या खात्यात जमा व्हायचे आणि तिथेच पडून राहायचे, कारण खर्च केले असते तर कुठून आणले हे सांगावे लागले असते.

"मग करत कशाला होता?" शिपाई पोरीने विचारले.

"काम आवडलं की समोरचा चांदण्या देतो, मॅडम. मला पाचच्या पाच मिळायच्या."

अशाच एका अनोळखी गिऱ्हाइकाने तिला काम दिले होते. खेड्यातल्या रुग्णांसाठी दवाखान्याची फोनसेवा आहे, भाषा मावळातली हवी, शहरी नको. तिने सासरच्या बायकांची बोली हुबेहूब उचलली आणि सुटी सुटी वाक्ये भरून पाठवली.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून सासऱ्यांना घेऊन ठाण्यात आली. घरी काय झाले ते मी विचारले नाही. दोघांचेही डोळे सुजलेले होते. मी समजावले की तिने मजुरीवर काम केले, टोळीशी तिचा दुसरा संबंध नाही, हेच तिला वाचवणार आहे. गिऱ्हाइकाचे निरोप, जमा झालेला मोबदला, सगळे जबाबात आले पाहिजे.

सासरे खुर्चीच्या कडेवर सरकले. "साहेब, एक इनंती हाय. पोरीला फसवलं म्हणा, डोकं फिरलं व्हतं म्हणा, काय बी लिवा. पर पैशासाठी काम करत व्हती, एवढं कागदावर नगा आणू. भावकीत तोंड दावायला जागा राहायची न्हाई."

सून आरोपी ठरली तर चालेल, कामकरी ठरायला नको! मला राग यायला हवा होता. पण मला त्या म्हाताऱ्याकडे बघवेना.

"लिहा, साहेब," सून म्हणाली. "मी काम करत होते. लिहा."

त्यानंतर पंचांसमक्ष आवाजाचा नमुना घ्यायचा होता. तीच वाक्ये कागदावर लिहून दिली. पहिल्यांदा तिने ती सपाट वाचली. सायबर शाखेच्या अंमलदाराने नकारार्थी मान हलवली. तपासणीला ती मूळच्याच ढंगात लागतात म्हणाला. मी म्हणालो, "तेव्हा जसं म्हटलं होतं तसं म्हणा."

तिने डोळे मिटले. "मावशी, घाबरू नका. वेळ लई कमी हाय. तुमच्या लेकाला..." आणि हुंदका आला, अगदी तोच.

पुरवणी जबाबावर सही करायला नेऱ्याच्या मावशी आल्या होत्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. दार अर्धवट उघडे होते. त्या ताडकन उठल्या. सगळे खोटे होते हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी त्यांनी कमरेची पिशवी चाचपली, फोन काढला आणि मुलाला लावला.

"कुटं हायस रं? बरा हायस न्हवं? न्हाई, काय न्हाई. असाच केला."

दारातून सून हे बघत होती. मावशींनी फोन ठेवला तशी ती माझ्याकडे वळली.

"साहेब, अजून एक लिहायचं राहिलं. वाक्यं आधी मी साधीच पाठवली होती. त्यांनी परत पाठवली. म्हणाले, रडवेल्या आवाजात करा, जास्त देऊ. दवाखान्याला रडवेला आवाज कशाला लागतो? तेव्हाच मला कळलं होतं. आणि मी केलं. चांगलं जमावं म्हणून चार वेळा केलं."

हे वाक्य जबाबात गेले तर साक्षीदार राहाल की आरोपी व्हाल, याची खात्री मी देऊ शकत नाही, असे मी तिला स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, "असू दे." मी लिहिले, वाचून दाखवले. पुढे दोन माणसे परराज्यात सापडली, पैसे सापडले नाहीत. तिचे काय करायचे ते न्यायालयाच्या हाती गेले.

खाली गेलेली मान म्हणजे गुन्ह्याची कबुली, असे आम्हा पोलिसांचे गणित असते. त्या ओसरीवर तिची मान खाली गेली होती ती कष्टाच्या कामापायी. लाज वाटावी अशी गोष्ट निराळीच होती आणि ती मी काढून घेतली नाही, तिने आपणहून दिली. तेव्हापासून कुणाची मान खाली दिसली की मी घाईने अर्थ लावत नाही.

जबाब आटोपून ती बाहेर पडली तेव्हा मावशी वाटेतच उभ्या होत्या. फिर्यादीने तिच्याशी बोलू नये म्हणून मी पुढे झालो, पण उशीर झाला होता.

"तूच का गं ती?"

तिने होकारार्थी मान हलवली.

मावशींनी तिला खालून वर न्याहाळले. शिवी नाही, हात उगारणे नाही. "माझ्या लेकासाठी रडलीस, ते तरी खरं व्हतं का?"

"न्हाई, मावशी," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली.

त्या दोघींच्या मध्ये उभे राहण्याची मला लाज वाटली आणि काहीतरी विसरल्यासारखे करून मी आत निघून गेलो.