पावसाची पायली

सकाळी आठला मी अंगणातला पाऊस मोजायचा डबा उघडला, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतलं. बायकोने वाकून आकडा वाचला, वहीत लिहिला, नळीतलं पाणी मिरचीच्या झाडाला टाकलं आणि धानाच्या रोवण्याला निघून गेली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. एक शब्द बोललो नाही. रोजचंच काम, त्यात बोलायचं काय?

डबा शेतकी कॉलेजच्या एका मॅडमने बसवला होता. नागभीडकडच्या आमच्या पट्ट्यात पाऊस आता पहिल्यासारखा येत नाही. मग उशिरा निसवणारं भारी धान लावायचं की लवकर हाती येणारं हलकं, याचा त्या अभ्यास करत होत्या. वही देताना म्हणाल्या, "बाई, एकही दिवस सोडू नका. पाऊस नसला तरी शून्य लिहा."

मी दुसरीतून शाळा सोडलेला, ती चौथी पास. वही तिच्याकडे गेली. धान मोजतो त्या मापावरून ती डब्याला पावसाची पायली म्हणायची. शेजारची बाई चिडवायची, "काय वं, किती पायल्या भरल्या आज?" ही म्हणायची, "तुह्या तोंडात मावन इतकाच पडला."

तीन पावसाळे झाले, एक दिवस चुकला नाही. तापाने फणफणली होती तेव्हाही भिंत धरून अंगणात आली.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आधी पाऊस गेला तो गेलाच. धानाच्या बांध्यांना भेगा पडल्या. ही रोज शून्य लिहायची आणि वही मिटून तशीच बसून राहायची. मला ते पाहवेना. एका पहाटे मी डब्यात गडवाभर पाणी ओतलं.

तिने डबा उघडला. आभाळाकडे पाहिलं, खालच्या कोरड्या मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजी, आभाळ डब्यातच मुतलं काय?"

"लिहून टाक नं. मॅडमले बरं वाटन."

"तिले बरं वाटावं म्हणून लिवतो काय मी? उद्या ही वही पाहून कोणी म्हणन, या गावात पाणी पडते, लावा भारी धान. मंग लोकायनं काय खावं, तुमचा गडवा?"

पाणी फेकून तिने शून्य लिहिलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

यंदा तो शेवटचा आकडा लिहून गेली, त्याच दुपारी ती बांधीत धानाचे पऱ्हे रोवताना खाली बसली आणि उठलीच नाही. नागभीडच्या दवाखान्यात नेली, डॉक्टर म्हणाला, वाटेतच गेली. दुसऱ्या दिवशी भर पावसात जाळली. लाकडं ओली होती, रॉकेल टाकावं लागलं. लोक रडत होते. मी लाकडंच पाहत होतो.

त्याच्या पुढच्या सकाळी चहा कोणी दिला, आठवत नाही. आठ वाजले आणि पाय आपोआप डब्याकडे गेले. बाटली काठोकाठ भरलेली. नळी तीनदा भरली. तिच्यासारखा वाकून मी रेघा वाचल्या, बेरीज बोटांवर केली. वही उघडली तेव्हा ध्यानात आलं, काल डबा उघडलाच नव्हता. यात कालचं किती आणि आजचं किती, कोण सांगणार?

अर्धं अर्धं लिहिलं असतं तर मॅडमना कळलं नसतं. तिच्या वहीत एकही घर रिकामं राहिलं नसतं. पेन टेकवलासुद्धा. पण डोळ्यांपुढे तो गडवा आला.

कालच्या घरात लिहिलं, "पाह्यलं नाई." आजच्या घरात आकडा मांडला आणि बाजूला लिहिलं, "हे दोन दिवसाचं पाणी आहे." तिच्या अक्षराखाली माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं दिसत होतं.

बाटली उपडी करून झटकली, उद्यासाठी परत डब्यात ठेवली.