उशीवरचा ओला डाग

ताई खुर्चीतून उठली आणि खालच्या उशीवर मला ओला डाग दिसला, तळहाताएवढा. तिला आठवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली.

"अगं, शिंकले ना, म्हणून झालं," ती घाईघाईने म्हणाली.

"बाळ खाली दाबतं, होतं असं," आईनेही लगेच दुजोरा दिला.

पण ताई शिंकलीच नव्हती! मी समोरच तर बसले होते. मला संशय आला, आणि मी सरळ उशी उचलून नाकाला लावली.

"शी! वेड लागलंय का कार्टे?" आई ओरडली.

शूचा वासच नव्हता.

"ताई, खरं सांग. कधीपासून?"

"कालपासून जरा... अंगावरून जातंय."

अंगावरून जातंय! काय शब्द आहे हा! पांढरं जातं, लाल जातं, पाणी जातं, आणि आपण सगळ्यावर हे एकच पांघरूण घालतो. नक्की काय जातंय ते बाई सांगत नाही, आणि घरातलं कुणी विचारत नाही. मला तर आता हा शब्द ऐकला तरी संशय येतो.

तिला तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाल्या, पाणमोट फुटलीये, अजून घरी थांबणं बाळाला धोक्याचं ठरलं असतं. बाळ लवकर आलं, काही दिवस काचेच्या पेटीत राहिलं. आम्ही बाहेरून नुसते बघायचो.

आता ते घरी आहे. काल माझी मांडी ओली झाली आणि मी सवयीने दुपटं हुंगलं.

"काय गं, शूच आहे ना?" ताईने विचारलं.

"शूच!"

आम्ही इतक्या जोरात हसलो की बाळाने दचकून पुन्हा केली.