तात्यासाहेबांची एकुलती एक टेप

बसा, चहा उकळतोय तोवर एक फजिती सांगून टाकतो. माझीच आहे, तेव्हा मनसोक्त हसा. अख्खं जळगाव हसून झालंय, तुम्ही तेवढे राहिलात!

मी डाळ मिलमध्ये सुपरवायझर, हे तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर मशिनींचा खडखडाट. पण जीव अडकलेला नाट्यसंगीतात, आणि त्यातही तात्यासाहेबांत. आता तात्यासाहेब कोण असं विचारू नका, वाईट वाटतं! अहो, धुळ्याचा माणूस. संगीत नाटक कंपनीत उभी हयात काढली. त्यांनी पद सुरू केलं की पुढच्या रांगेतले शेठजी तोंडातलं पान चघळायचं विसरायचे, असं माझे वडील सांगत. पण त्यांची रेकॉर्ड? एकही नाही. 'गाणं समोर बसून ऐकायचं असतं' म्हणून यंत्राला त्यांनी कधी जवळ येऊ दिलं नाही.

म्हातारपणी एकदाच जळगावात ते एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात गायले. टेपरेकॉर्डर नुकते घरोघर येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट. मी काय केलं? टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला, वरून शाल पांघरली, आणि साळसूद चेहऱ्याने पहिल्या रांगेत बसलो. गाणं असं झालं म्हणता! मी तर भान हरपून रडलोच.

आणि ती टेप मी जपली. कशी जपली विचारा! वाजवली की टेप झिजते, असं कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून मी ती वाजवलीच नाही. आईच्या पैठणीच्या तुकड्यात गुंडाळून, डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवली. दसऱ्याला बाहेर काढायची, हळद-कुंकू वाहायचं, आपट्याचं पान ठेवायचं, पुन्हा आत. सरस्वतीच ती! ऐकायची कशाला?

मग तात्यासाहेब गेले. काही महिन्यांनी त्यांच्या बायकोचा, माईंचा निरोप आला. "घरात त्यांचा तंबोरा आहे, फेटे आहेत, फोटो आहेत. आवाज तेवढा नाही. तुमच्याकडे टेप आहे म्हणतात. एकदा ऐकवाल का?"

आता सांगा, असा निरोप आल्यावर माणूस घरी बसेल? पुढच्याच रविवारी सकाळच्या एसटीने टेपरेकॉर्डर कडेवर घेऊन मी धुळ्याला हजर!

माई नऊवारी नेसून, हात जोडून तंबोऱ्याजवळ बसल्या होत्या. मी बटण दाबलं. खरखर झाली. कुठूनतरी लांबून, विहिरीच्या तळातून यावी तशी पेटी ऐकू आली. तात्यासाहेबांनी सूर लावला असावा, एवढ्यात...

"वाऽऽऽहवा!"

मी दचकलो. माई दचकल्या. खिडकीतलं मांजर पळालं.

"क्या बात है! जियो, जियो! अरे मार डाला!"

पुन्हा सूर, पुन्हा "अहाहाहा!" तान घेतली की "ओहोहोहो!" एक ओळ धड कानावर येईल तर शपथ! मागे तात्यासाहेब गाताहेत आणि पुढे कुणी रेडा रेकतोय!

माझं डोकं फिरलं. खाड्कन टेप बंद केली. "माई, कोण हा गाढव? अहो, एवढ्या मोठ्या माणसाच्या आवाजाची माती केली याने! मी याला शोधून काढतो. कान धरून तुमच्या पायावर घालतो. नाही घातला तर नाव लावणार नाही!"

माई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आणा हो. मलाही भेटायचंय त्यांना."

रडताहेत बिचाऱ्या, असं मला वाटलं. मलाही भरून आलं.

जळगावात आलो तो पेटूनच. पण गाढव कोण ते काही केल्या कळेना! आवाज अगदी अनोळखी. ज्यांच्या घरी गाणं झालं त्या डॉक्टरांना टेप ऐकवली. त्यांनी चष्मा पुसला, खोकले आणि म्हणाले, "अवघड केस आहे." त्या दिवशीच्या तबलजीला ऐकवली. तो पाच मिनिटं छताकडे बघत राहिला. मिलमधल्या लोकांना जेवणाच्या सुट्टीत ऐकवली, तर एकेक जण डबा अर्धा टाकून उठून गेला. घरी बायकोला विचारलं, "ओळखतेस का गं या माणसाला?" ती म्हणाली, "मला मेलीला काय कळतंय!" आणि स्वयंपाकघरात गेली. आतून हुंदके ऐकू आले. म्हटलं, बघा, हिलासुद्धा तात्यासाहेबांचं किती वाईट वाटतंय!

सगळ्या गावाला एकदम झालंय तरी काय? माझी मतीच गुंग झाली.

शेवटी डोक्यात प्रकाश पडला. तोताराम नाना! पहूरचे केळीवाले. त्या दिवशी माझ्या मांडीला मांडी लावून बसले होते. आणि नानांचा आवाज म्हणजे काय! इकडच्या बांधावरून हाक मारली की तिकडच्या विहिरीवरचा गडी ओ देतो. दुसरं कोण असणार?

गेलो पहूरला. दारातूनच ओरडलो, "नाना आहेत का घरात?" नाना माळ्यावर होते, ते खाली आले. अक्का, म्हणजे त्यांची बायको, चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी पाणीसुद्धा न घेता टेप लावली. "ऐका नाना! ऐका आपला पराक्रम!"

नानांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "भाऊ, हाऊ आवाज मना नही शे. त्या दिनले मना घसा बसेल व्हता. मी बठ्ठा वेळ मुका बसनू."

"सगळा वेळ मुके होतात? मग कुणाचा आहे?"

तेवढ्यात अक्का भाकरी उलटता उलटता म्हणाल्या, "कोना म्हंजे? भाऊना शे! आते दारमा वरडना ना, तोच आवाज!"

"माझा?" मी म्हटलं. "अक्का, काहीतरीच काय! माझा आवाज मऊ आहे. हळू बोलतो मी."

"हळू?" नाना म्हणाले. "बरं, एक डाव म्हन. वाहवा म्हन."

मी अगदी हळुवारपणे, मैफलीत म्हणतात तसं म्हटलं, "वाहवा."

गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

नानांनी टेप लावली. "वाऽऽऽहवा!" माझ्याकडे बघितलं. पुन्हा लावली. माझाच की हो! आयुष्यभर मशिनींच्या खडखडाटात बोलून बोलून हा आवाज मला मऊ वाटत आला होता! आणि माईक कुठे होता? शालीखाली, माझ्या पोटाशी. तात्यासाहेब पार तिकडे गालिच्यावर. सगळ्या जळगावला ठाऊक होतं, फक्त गाढवाला नव्हतं.

पण खरी पंचाईत पुढे होती. माईंना शब्द दिला होता ना? कान धरून पायावर घालायचं होतं! दुसऱ्या रविवारी पुन्हा धुळं. माईंच्या दारात उभा राहिलो, स्वतःचाच कान धरला आणि म्हटलं, "माई, आणलंय गाढवाला."

माई खो खो हसल्या. "अहो, पहिल्या वाहवालाच ओळखलं होतं. पण तुम्ही एवढे संतापला होतात, सांगायचा धीर होईना."

मला रडूच फुटलं. खरंच फुटलं हो! म्हटलं, "माई, तुमच्यासाठी एक तरी ओळ राखायची होती हो मी. एकच टेप होती जगात, तीही मी अशी..."

"रडू नका. त्या दिवशी मध्येच बंद केलीत तुम्ही. आज शेवटपर्यंत लावा," माई म्हणाल्या.

लावली. मी मान खाली घालून बसलो. माझी वाहवा चालूच! पार शेवटी पद संपलं. पेटी थांबली. तबला थांबला. क्षणभर शांतता. आणि त्या शांततेत, समोर बसून बोलावं इतका स्वच्छ, खणखणीत तात्यासाहेबांचा आवाज आला:

"अहो शालवाले! असं करू या का? तुम्ही गा, मी दाद देतो."

माईंनी तंबोऱ्यावर हात ठेवला. डोळ्यांतून धारा आणि ओठांवर हसू. "हेच! अगदी हेच हो! घरात अस्सेच टोमणे मारायचे. आले बघा घरी."

चला, काहीतरी राहिलं! एक वाक्य का होईना, तात्यासाहेब राहिले. मी टेप बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," माई म्हणाल्या. "अजून काहीतरी आहे."

होतं. तात्यासाहेबांच्या त्या वाक्यावर दिवाणखान्यात कुणाची हूं की चूं नव्हती. फक्त एकच आवाज, शालीखालून, जीव ओवाळून टाकत:

"वाऽऽऽहवा! क्या बात है, तात्यासाहेब!"