पितळी डबीतली राख

वामनरावांनी नरसय्याला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला शंका राहणार नाही. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'चार शब्द' मागितले होते. नरसय्या चार शब्दांत मावणारा नव्हता, म्हणून मी देईन तेवढं छापायचं, मधूनच कापायचं नाही, असं त्यांच्याकडून आधी कबूल करून घेतलं आहे. माझा सुताचा धंदा आहे. माल हातातून सुटण्याआधी बोलून घ्यायची सवय लागली आहे.

बातमी आली तेव्हा मी दुकानातच होतो. सांगोल्याचं एक गिऱ्हाईक समोर बसलं होतं आणि आमची घासाघीस ऐन रंगात आली होती. तेवढ्यात साखर पेठेतला एक विणकर पायरीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "अप्पा, सारंगीवाला गेला." मी हातातली सुताची लड खाली ठेवली आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, तुमचाच भाव धरा. ते बिचारं घाबरलं. मालात खोट असल्याशिवाय मल्लप्पा असं बोलायचा नाही, असं वाटून ते सूत न घेताच उठून गेलं...

मी दुकानदार झालो त्याच्या किती तरी आधी, खांद्यावर सुताची गाठोडी घेऊन पेठेत घरोघर फिरायचो. तेव्हापासून मी नरसय्याला ओळखत होतो. त्याची आई लक्ष्मव्वा सांधणीचं काम करायची. मागावरचा ताणा संपत आला की नव्या ताण्याची टोकं जुन्याच्या टोकांना एकेक करून पिळून जोडावी लागतात, तीच सांधणी. बोटांना घाम असला की पीळ बसत नाही, म्हणून सांधणारी बाई चुलीतली चाळलेली राख जवळ ठेवते आणि चिमटीला लावून घेते. नरसय्या करवंटीत ती राख घेऊन आईशेजारी बसलेला असायचा. ती कामाच्या लयीत तेलुगूतलं काहीतरी गुणगुणायची, आणि धागा तुटला की गाणंही तिथंच थांबायचं. टोक सापडलं, पीळ बसला, की पुढची ओळ. पुढे नरसय्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या सारंगियाकडे शिकला आणि चांगला वाजवू लागला. समेवर यायच्या आधी तो किंचित अडायचा. ऐकणाऱ्याचा श्वास अडकायचा, आणि मग तो अलगद समेवर उतरायचा. ती अडण्याची जागा कुठून आली, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. सारंगी नखाच्या मुळाशी तार दाबून वाजवतात, त्यामुळे बोटं कोरडी लागतात. इतर वाजवणारे खडूची भुकटी लावत. नरसय्याने पितळेची एक छोटी डबी केली होती आणि तिच्यात आईच्या चुलीतली राख असायची.

वामनराव हायस्कुलात मास्तर. कादंबऱ्या लिहीत, मासिकात त्यांचं नाव येई. इंग्रजांनी गावात लावलेला मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या वर्षी कुणाकडे तरी त्यांनी नरसय्याची सारंगी ऐकली, आणि मग माझ्या दुकानापर्यंत आले, कारण नरसय्या संध्याकाळी तिथं बसायचा. त्या दिवशी लक्ष्मव्वाही सूत न्यायला आली होती. वामनरावांनी डबी उघडून विचारलं, "हे भस्म कशाचं?" मी रोज कपाळाला भस्म लावतो, मला फरक कळतो. म्हणालो, भस्म नाही मास्तर, राख आहे. लक्ष्मव्वाने तिथल्या लडीतली दोन टोकं घेतली, चिमूटभर राख बोटांना लावली आणि पीळ देऊन दाखवला. "अस्सं. राख न्हाय लावली तर बोट घसरतंय." वामनरावांनीही करून पाहिलं. धागा उलगडला. पुन्हा केलं, पुन्हा उलगडला. तेव्हा ती हसून म्हणाली, "ह्या जल्मात जमायचं न्हाय मास्तर तुमाला. फुडच्या जल्मी माज्या पोटी या, शिकवते की."

आम्ही सगळे हसलो. वामनरावही हसले, पण जरा उशिरा. माल बघताना गिऱ्हाइकाला त्यात दुसरंच काही दिसलं की ते असंच गप्प होतं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

काही महिन्यांनी मासिकात कादंबरी सुरू झाली. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही, खप वाढायचा. त्यात एक गरीब सारंगीवादक आहे. वाजवण्याआधी तो बोटांना राख लावतो, का ते त्याला ठाऊक नसतं. समेच्या आधी तो अडतो, का ते त्याला ठाऊक नसतं. मग शोध घेता घेता त्याला कळतं की मागच्या जन्मी तो रुद्रदत्त नावाचा दरबारी बीनकार होता. महालाला लागलेल्या आगीत वाजवता वाजवता जळाला, सम यायची राहून गेली. राख ही त्या आगीची आठवण, आणि ते अडणं म्हणजे राहिलेली सम! सारंगीवाल्याची आई मात्र त्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात मरते.

लोक वेडे झाले. पूर्वी नरसय्याला लग्नात दारापाशी बसवणारी माणसं आता त्याला दिवाणखान्यात लोडाशी बसवू लागली. विणकराच्या पोराला ही विद्या आली कुठून, हा प्रश्न त्यांना आधीपासून टोचत होता, त्याचं उत्तर मागच्या जन्मात सापडल्यावर सगळ्यांची सोय झाली. या जन्मातल्या त्याच्या आईला कुणी काही विचारलं नाही. तिच्या गुणगुणण्यावरून त्याने एक चीज बांधली होती. एका वकिलाच्या घरी त्या चीजेला 'रुद्रदत्ताची चीज' म्हणून वाहवा मिळाली. मी नरसय्याकडे पाहिलं. आता सांगेल, मग सांगेल... कुणीतरी विचारलंच, ही बांधली कुणी? तो मान खाली घालून म्हणाला, "माजी न्हाय. मागली हाय."

बाहेर आल्यावर मी त्याला रस्त्यात धरला. "मागली म्हणजे कुणाची रे?"

"अप्पा, तुमी रागावू नका. मला आतनं तसं वाटतंय."

"वाटतंय का वाचलंय?"

खरं तर त्याला वाचता येत नव्हतं. वामनराव स्वतः घरी येऊन प्रकरणं वाचून दाखवायचे. त्यात एवढी गोडी काय होती हे मला कळत नव्हतं असं नाही. तुझ्या मागं एक दरबार आहे असं कुणी सांगितलं, तर विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्याकडे परत कोण बघतो?

मग रुद्रदत्ताचं गाव शोधायचं त्याच्या मनानं घेतलं. कादंबरीत चिंच, पायऱ्यांची विहीर आणि महादेवाचं पश्चिममुखी देऊळ असलेलं कन्नड मुलखाच्या शिवेवरचं एक गाव होतं. वामनरावांना विचारलं तर ते म्हणाले, "गाव तुझं तुलाच ओळखू येईल." चलाखी बघा! नरसय्याने दुधनी ठरवलं. त्याला एकट्याला सोडायला माझं मन होईना, शिवाय मला कन्नड येतं, म्हणून मीही गाडीत बसलो. दुधनीत चिंच होती, विहीर होती, देऊळ होतं, त्या बाजूच्या कुठल्या गावात ते नाही? बाजारात कडब्याच्या गाडीला टेकून एक म्हातारा बसला होता. आम्ही काय शोधतोय हे त्याच्या चटकन ध्यानात आलं.

"हुता की," तो म्हणाला, "मोठा वाजवणारा हुता हितं."

नरसय्याचे डोळे भरून आले. मी पुढे झालो. "बासरी वाजवायचा ना?"

"व्हय, बासरीच. लई ग्वाड."

"का सनई?"

"सनईबी वाजवायचा की."

"आणि पाण्यात बुडून मेला."

"ती विहीर का. तितंच," म्हाताऱ्याने हात करून दाखवला.

मी नरसय्याला म्हणालो, बघ, गिऱ्हाइकाला जो रंग हवा तो याच्या दुकानात आहे. तुझ्या मास्तरांचंही दुकान असंच आहे. तो माझ्यावर उखडला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "तुमाला सगळ्यात सौदाच दिसतंय अप्पा," म्हणाला आणि विहिरीच्या पायरीवर जाऊन बसला. पाण्याकडे बघत राहिला, पण आठवण कसलीच आली नसावी.

त्याच आठवड्यात लक्ष्मव्वा दुकानात आली. सूत नको होतं. बाकावर बसून बराच वेळ लडी चाचपत राहिली. मग म्हणाली, "अप्पा, ते म्हंत्यात माजं लेकरू आदी दुसऱ्याचं हुतं. मग मी कोन?"

मी तोंडाळ माणूस. भल्याभल्या अडत्यांना गप्प केलंय. तिच्यापुढे मात्र मी तराजूच पुसत राहिलो.

नंतर दिवाणखान्यांतली बोलावणी आटली. तोच बीनकार किती वेळा ऐकणार? वामनरावांची पुढची कादंबरी आली, तीत एक चित्रकार होता. नरसय्याला छातीचं दुखणं लागलं. मी त्याच्या घरी शेवटचा भेटलो तेव्हा सारंगी खोळ घालून खुंटीला लावलेली होती. आई शेजारच्या खोलीत कुणाचा तरी ताणा सांधत होती, तिचं गुणगुणणं भिंतीआडून येत होतं आणि मधेच थांबत होतं. ते थांबलं की नरसय्याची डाव्या हाताची बोटं गोधडीवर थांबायची... पुन्हा सुरू झालं की हलायची. बऱ्याच वेळाने त्याने उशाखालची डबी काढून माझ्या हातात दिली.

"वामनराव मागं एकदा मागत हुते. आठवण म्हनून ठिवतो म्हनाले. तुमीच ठिवा." मग म्हणाला, "ह्यात राख हाय अप्पा. दुसरं काय न्हाय."

एवढंच. शपथेवर सांगतो.

आणि आता वामनराव एका मासिकात लिहितात की नरसय्या जाताना 'रुद्रदत्ता, सम आली' असं म्हणाला. तो गेला तेव्हा त्या खोलीत मी नव्हतो, पण वामनरावही नव्हते. शेवटच्या कित्येक महिन्यांत ते त्याच्या घराची पायरी चढले नव्हते. कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे आणि तिच्या प्रस्तावनेत हे वाक्य यायचं आहे, असं कळतं. म्हणजे पोर जिवंत असताना अर्धं नेलं, आता मेल्यावर उरलेलंही न्यायचं.

डबी माझ्या दुकानात, तराजूच्या शेजारी आहे. लक्ष्मव्वा सूत न्यायला येते तेव्हा ती उघडते, चिमूट लावते, लडीतली दोन टोकं काढते आणि पीळ बसतो का बघते. बसला की डबी लावून ठेवते. काल मी तिला प्रस्तावनेचं सांगितलं. ती म्हणाली, "मास्तर विसरले असतील. त्यांना या म्हना, परत दावते."

मला नाही वाटत ते विसरले. पुढच्या जन्माची तिची थट्टा त्यांनी उचलली आणि मागचा जन्म करून तिच्यावरच उलटवली, हे विसरून घडत नाही. म्हणून वामनराव, तुम्हाला सर्वांदेखत विचारतो. त्या संध्याकाळी माझ्या दुकानात या बाईने राख लावून पीळ कसा द्यायचा ते तुम्हाला दाखवलं, की नाही? दुकान उघडं असतं. ती बाकावर असते. या, तिच्यासमोर बसा, आणि नरसय्या कुणाचा मुलगा होता ते तिला तुमच्या तोंडाने सांगा.