आत्याबाईंना दुकान दाखवणारा माणूस

पोलीस खात्यातल्या बहुतेक आठवणी झोप उडवणाऱ्या असतात. येवल्याच्या पैठणीवाल्यांचं प्रकरण मात्र आठवलं की आजही मला हसू येतं.

निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना माझी नेमणूक नाशिकच्या सायबर पोलीस ठाण्यात होती. तिथे येणारा माणूस बहुधा रडवेला असतो. हे गृहस्थ आले ते तावातावाने. येवल्यात घरचे हातमाग, पुढे दुकान, आणि काही वर्षांपासून इंटरनेटवरही विक्री. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "साहेब, ज्या आत्यानं मला कडेवर खेळवलं, तिला माझं दुकान कुणीतरी दाखवलं म्हणे! त्याचं कमिशन गेलं माझ्याकडून. लय झालं आता."

त्यांना पाणी दिलं आणि सगळं नीट विचारून घेतलं. या पैठणीवाल्या शेठची एक योजना होती. आपल्या वेबसाइटवरून किंवा जाहिरातीतून जो कुणी गिऱ्हाईक पाठवेल, त्याला विक्रीमागे कमिशन. अशा माणसाला ॲफिलिएट म्हणतात. पूर्वी आपण ज्याला अडत्या किंवा मध्यस्थ म्हणायचो, त्याचाच हा नवा भाऊ. अट एकच होती आणि ती स्पष्ट होती: सर्च इंजिनवर पैसे भरून जाहिरात खुशाल करा, पण ती दुकानाच्या नावावर करायची नाही. जो दुकानाचं नाव टाइप करून शोधतोय, तो शेठचाच गिऱ्हाईक. त्याला कुणी आणलेलं नसतं.

नाशिक रोडला राहणाऱ्या आत्याबाईंनी नातीच्या लग्नासाठी मोबाईलवर भाच्याच्याच दुकानाचं नाव शोधलं. सगळ्यात वर एक जाहिरात आली, तिच्यावर बोट ठेवलं, दुकान उघडलं, पैठणी घेतली. शेठच्या नोंदीत मात्र ही विक्री एका ॲफिलिएटच्या खात्यावर चढली. खात्याला नाव कसलंतरी बनावट. शेठनी शोध घेतला, तर कितीतरी जुनी गिऱ्हाइकं अशीच "आणलेली" निघाली.

"संशय कुणावर?"

"नाशिक रोडच्या एक बाई हायेत, त्या बी आमच्याकडं कमिशनवर गिऱ्हाईक पाठवतात. आमच्या सल्लागारानं सांगितलं, ते बनावट नावाचं खातं बी त्यांचंच."

हा सल्लागार म्हणजे कॉलेज रोडवर कार्यालय असलेला एक जाहिरात तज्ज्ञ. शेठच्या जाहिराती आणि ही कमिशनची योजना, दोन्ही तोच सांभाळायचा.

तक्रार अर्ज घेतला आणि चौकशी सुरू केली. त्या खात्याचे पैसे जिथे जमा होत, त्या बँकेला पत्र पाठवलं. उत्तर यायला वेळ लागणार होता, म्हणून आमच्या महिला उपनिरीक्षक त्या संशयित बाईंच्या घरी, ठाण्यात येण्याचा निरोप द्यायला गेल्या. साध्या वेषात गेल्या, तरी कॉलनीत बातमी पसरायची ती पसरलीच.

दुसऱ्या दिवशी बाई लॅपटॉप घेऊन ठाण्यात हजर झाल्या. पन्नाशीच्या, नेटक्या. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र ठाम.

"साहेब, आमचे हे सरकारी नोकरीत आहेत. शेजारीण सकाळी विचारत होती, पोलीस कशाला आले होते म्हणून. काय सांगू तिला?"

"ताई, आधी मला सांगा. जाहिरात कशी करता?"

त्यांनी लॅपटॉप उघडला. खरी पैठणी कशी ओळखायची, उलट्या बाजूने पदर कसा बघायचा, यावर त्यांनी आपल्या वेबसाइटवर फार सुंदर लिहिलं होतं. "कुणी 'खरी पैठणी कशी ओळखावी' असं शोधलं, की माझी जाहिरात दिसते. ती माझ्या पानावर नेते. वाचून विश्वास बसला, तर माणूस तिथून दुकानात जातो. दुकानाचं नाव मी जाहिरातीत घालतच नाही. नियमच आहे तसा. आणि नियम नसता तरी घातलं नसतं. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवलेल्याचा हात धरून 'मी आणलं' म्हणायचं, ही काय मेहनत झाली?"

तीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट पाहिली होती. खोटं बोलणारा माणूस आपण किती प्रामाणिक आहोत ते सांगतो. खरं बोलणारा आपलं काम कसं चालतं ते सांगतो. मी त्यांचा जबाब नोंदवला आणि चहा मागवला.

मग मी येवल्याला गेलो. दुकानात जाण्याआधी टपरीवर चहा घेत मोबाईलवर दुकानाचं नाव शोधलं. जाहिरात नाही. पुन्हा शोधलं, तरी नाही. उपनिरीक्षक बाई त्या वेळी नाशिक रोडला आत्याबाईंकडे जबाबासाठी गेल्या होत्या. त्यांना फोन केला. "सर, इथे तर पहिलीच दिसतेय." मागून आत्याबाईंचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, जेवायला या!"

जाहिरात कुठे दिसावी आणि कुठे दिसू नये, हे जाहिरात देणाऱ्याला ठरवता येतं. म्हणजे कुणीतरी येवलं मुद्दाम वगळलं होतं. शेठच्या नजरेला ती पडू नये, एवढ्यासाठीच. मी ही गोष्ट शेठनाही सांगितली नाही. उपनिरीक्षक बाईंनी आणि मी ती मनात ठेवली.

पुढची पाळी सल्लागाराची. इस्त्रीचा शर्ट, मनगटावर चकचकीत घड्याळ, आणि बोलणं मधाळ. जबाबात त्याने सांगितलं, "ती जाहिरात मी स्वतः कधी पाहिली नाही सर. शेठकडूनच ऐकलं." मी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मग त्याला मला शिकवू दिलं. सर्च म्हणजे काय, जाहिरातीच्या जागेसाठी बोली कशी लागते, सगळं. हुशार माणसाला श्रोता मिळाला की त्याचा पहारा ढिला पडतो.

बऱ्याच वेळाने मी सहज म्हणालो, "तुम्ही दर आठवड्याला येवल्याला जाता. शेठच्या शेजारी बसून त्यांच्या मोबाईलवर एकदा जाहिरात दाखवली असती, तर त्यांना तेव्हाच समजलं असतं."

"तिथे कशी दाखवणार सर? येवल्यात ती बंदच आहे ना."

उपनिरीक्षक बाईंचं पेन थांबलं.

"बंद आहे? तुम्ही तर ती पाहिलीच नाही म्हणालात."

त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला. मग सगळं बाहेर आलं. खातं त्याचंच होतं. पहारा द्यायचा पगार घ्यायचा आणि मागच्या दाराने कमिशनही घ्यायचं. शंका आली तर बोट दाखवायला नाशिक रोडच्या बाई होत्याच, कारण नियम पाळून सगळ्यात जास्त गिऱ्हाईक त्याच आणत होत्या. पुढे बँकेचं उत्तर आलं. पैसे त्याच्या सासूबाईंच्या खात्यात जात होते आणि त्या माउलीला पत्ताही नव्हता. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, शेठचे पैसे परत मिळाले, बाकीचं न्यायालयाकडे गेलं.

त्यानंतरचा प्रसंग मला जास्त प्रिय आहे. शेठ आत्याबाईंना पुढे घालून बाईंच्या घरी गेले. मीही सोबत होतो, या वेळी मुद्दाम गणवेशात. कॉलनीतल्या खिडक्या उघडल्या. शेठनी दारातच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हात जोडले. "ताई, चुकलं माझं. तुमची काय बी चूक नव्हती." आत्याबाईंनी पुस्ती जोडली, "आणि मला दुकान कुणीही दाखवलेलं नाही, हेही लिहून ठेवा."

सगळे हसले. शेजारीणही हसली आणि चहाची साखर घेऊन आली.

चहा पिताना शेठ म्हणाले, "ताई, आता आमच्या जाहिराती अन् योजना, दोन्ही तुम्हीच सांभाळा. तुमच्यावर भरवसा हाय."

बाईंनी कप खाली ठेवला. "नको शेठ. मी तुमचं कमिशन घेते. कमिशन घेणाऱ्यानेच नियमांवर लक्ष ठेवायचं, म्हणजे पुन्हा तेच. लक्ष ठेवायला दुसरं कुणीतरी नेमा. आणि त्यांना सांगा, सगळ्यात आधी माझ्याच जाहिराती तपासा."

नोकरीत मी कुलपं फोडणारे पाहिले आणि कुलपं बनवणारेही. भरवसा कुणावर ठेवावा, हा प्रश्न मात्र माझ्यासाठी बरीच वर्षं अवघड होता. त्या दुपारी नाशिक रोडच्या त्या छोट्या घरात तो सुटला. जो माणूस स्वतःहून म्हणतो, "माझ्यावरही नजर ठेवा," त्याच्यावर ठेवावा.