सोमवारी शीतल बोलणार होती

अतिदक्षता विभागात नेताना स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबलं, तेव्हा रेणुकाने माझा हात धरला. तिचा हात तापाने भाजत होता. मला वाटलं, निखिलबद्दल काही सांगेल. माझा मुलगा तिथेच भिंतीला टेकून उभा होता. पण ती म्हणाली, "आई, शाळेत कळवा. सोमवारी शीतल बोलणार आहे. तिला थांबवू नका म्हणावं." लिफ्टचं दार लागलं. माझ्या सुनेचं हे शेवटचं बोलणं. साधा डेंगीचा ताप म्हणून आणलं होतं... डॉक्टर बाहेर येऊन रक्ताचे आकडे सांगायचे, आम्ही माना हलवायचो. यापलीकडे आमच्या हातात काही नव्हतं.

रेणुका यवतमाळकडची. एकदा मेथी निवडताना सांगत होती, पुण्यात कॉलेजला आली तेव्हा तिने वर्गात उभं राहून विचारलं, सर, हे असं काहून? सगळे हसले, सरही हसले. पुढे वर्षभर तिने वर्गात तोंड उघडलं नाही. "मार्क मिळाले आई, पण बोलणं गेलं," म्हणाली. पुढे बँकेतली नोकरी सोडून तिने बी.एड. केलं. मराठी शिकवून आता कुणाचं भलं होणार आहे, असं मी विचारलंच. नारायण पेठेत जन्म काढल्यावर एवढं तोंडून जातंच. ती हसली. म्हणाली, "शुद्ध नंतर करता येतं. आधी पोरांना बोलू तर द्या."

जूनमध्ये तिला बिबवेवाडीच्या एका शाळेत सहावीचा वर्ग मिळाला. रोज एकाने घरची गोष्ट सांगायची, कुणी हसायचं नाही, मध्ये दुरुस्त करायचं नाही, असा तिचा नेम. मुख्याध्यापिका अभ्यासक्रमाची आठवण करून देत; तोही ती ओढून नेत होती. शीतल तेवढी बोलत नव्हती. वडील मार्केट यार्डात हमाल, घर वऱ्हाडातून आलेलं. सांगायची पाळी आली की नुसती उभी राहायची. रेणुका म्हणायची, बरं, पुढच्या वेळी. त्या शुक्रवारी मुलगी आपण होऊन टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाई, सोमवारी मी सांगतो." तिकडच्या मुली असंच बोलतात. रेणुका घरी आली ती कणकण घेऊनच, पण हेच किती वेळा सांगत राहिली...

निखिलने शाळेत कळवलं होतं. पण त्या सोमवारी बाई नाहीत म्हणून वर्ग मैदानावर सोडला होता. दिवसकार्य झाल्यावर मी तिचं सामान आणायला गेले आणि नव्या बाईंना निरोप दिला. त्या भल्या होत्या. लगेच म्हणाल्या, "शीतल, ऊठ, सांग." मुलगी उठली. माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"मी नंतर सांगते," म्हणाली. सांगते... अगदी आमच्यासारखं. आणि बसली. बाईंना काही वावगं वाटलं नाही. पिशवी उचलून मी बाहेर आले.

फळ्यावर ओळ सरळ यावी म्हणून रेणुकाने स्वयंपाकघराच्या दाराला आतून काळा रंग दिला होता. चहा उकळेपर्यंत तिथे खडूने लिहून बघायची. एक ओळ राहिली आहे, 'काल घरी काय झालं ते सांगा.' निखिल त्या दारातून आत येत नाही, पाणीही बाहेरूनच मागतो. कुकरची वाफ लागते, येता-जाता पदर घासतो. मी जपते. तरी 'सांगा' आता वाचता येत नाही.